मांगवाड्यातली कौलं

"फोड," कारभारी म्हणला. "वर चढवताना लाज न्हाई वाटली. आता एकेक करून फोड."

मी माझ्याच घरापुढं उभी होते. पुढ्यात कौलांची चळत. मीच वर चढवलेली, मीच त्याच्या हुकमानं खाली उतरवलेली. आत, जिथं ती कौलं घातली होती त्या कोपऱ्यात, माझी सासू पाय मोडून पडली होती. तिच्या तोंडावर आता सरळ ऊन येत होतं.

कारभारी देशमुखाच्या गढीचा. वस्तीतल्या कुणीतरी त्याच्यासाठी लिंबाखाली बाज आणून टाकली. त्यानं ती काठीनं लांब सारली. आमची बाज. तो उभाच राहिला. मागं वरच्या आळीची माणसं येऊन थांबली होती. बायका होत्या, पोरं होती. तमाशाला जमतात तशी.

माझा नवरा पटका काखेत धरून खाली मान घालून उभा होता.

मी पहिलं कौल दगडावर आपटलं. कौल फोडायला जोर लागत नाही. आवाजही मोठा होत नाही. पण बघणारी पोरं हसली. दुसरं फोडलं. तिसरं फोडलं. एक तुकडा उडून माझ्या पायाला लागला, रक्त आलं. मी वाकले तर कारभारी म्हणला, "थांबू नगंस. एक बी साबूत ऱ्हायला नको. न्हाईतर उद्या दुसऱ्याला वाटंल, आपन बी घालावी."

आत्या आतून बोलल्या. सासूला मी आत्या म्हणायची. लई बारीक आवाज होता, पण सगळ्यांना ऐकू गेला.

"फोड माय. मला न्हाई लागत कौल. लवकर फोड, म्हंजी जातील ते."

कारभाऱ्याच्या काठीपेक्षा मला ते लागलं. पाय मोडलेली बाई, आणि ती म्हणते मला नको. आयुष्यभर तिला हेच म्हणायला शिकवलं होतं. नको. मला लागत नाही.

मी सगळी फोडली.

आमचं गाव नळदुर्गापासून थोडं आत. निजामाचं राज्य होतं, पण आम्हाला निजाम कधी दिसला नाही. आम्हाला गढी दिसायची. गावाच्या मधोमध, उंचावर. शेत तिचं, कुरण तिचं, ओढ्याकाठची झाडं तिची. आमचा मांगवाडा खालच्या अंगाला. केकताडाची, म्हणजे घायपाताची, पानं कुजवायची, कुटायची, त्याचा वाख, म्हणजे धागा, काढायचा आणि दोर वळायचे, हा आमचा धंदा. गढीला लागणारी सगळी दावी, कासरे, नाडे आम्ही द्यायचे. त्याबदल्यात खळ्यावर जे टाकतील ते उचलायचं. आणि गढीवरून हाळी आली की वेठीला जायचं. वेठीचं काही मिळत नव्हतं. विचारायची रीतही नव्हती.

त्या साली शिमग्यानंतर गारा पडल्या. दुपारची वेळ. आधी वारा सुटला, मग पत्र्यावर खडे टाकावेत तसा आवाज यायला लागला. पण आमच्या वस्तीत पत्रा कुठं होता? आवाज गढीच्या कौलांवरून येत होता. मग आमच्यावर आल्या. सुपारीएवढ्या, मग लिंबाएवढ्या. दारातलं बकरं ओरडलं आणि तिथंच आडवं झालं. आमची सगळी छपरं गवताची. जुनं, काळं पडलेलं गवत. गारा त्यात रुतल्या, साचल्या, वजन झालं. मधलं आढं वाळवीनं खाल्लेलं होतं. ते मोडलं.

मी पोरीला पोटाशी धरून दारात होते. आत्या आत चुलीपाशी होत्या. छप्पर खाली आलं तेव्हा त्या ओरडल्यासुद्धा नाहीत. आम्ही गवत आणि गारा उपसून त्यांना बाहेर काढलं. मांडीचं हाड मोडलं होतं, वर कातडी फाटली होती. हाडं बसवणारा एक धनगर होता, तो आला. बांबूच्या कामट्या लावून घट्ट बांधलं. म्हणला, पावसाळ्यापर्यंत हिला जागची हलवू नका, आणि ओल लागू देऊ नका.

ओल लागू देऊ नका. वर आभाळ होतं.

सगळ्या वस्तीची हीच गत. घराच्या भिंती उभ्या आणि वर काही नाही. गवत पाहिजे होतं, वासे पाहिजे होते. दोन्ही गढीच्या कुरणात. तर पुरुष माणसं गेली गढीवर. दरवाज्याबाहेर उकिडवी बसली. देशमुख बाहेर आला नाही. कारभारी आला. नवऱ्यानं घरी येऊन सांगितलं ते असं, की गवत मिळंल, लाकूड मिळंल. पण आधी गढीचं छप्पर. गढीचीही कौलं फुटली होती, माडीची, सोप्याची, गोठ्याची. गढी पुरी होईपर्यंत मांगवाड्यात कुणी स्वतःच्या घरावर काडी टाकायची नाही. आणि गवताच्या बदल्यात दर घरातला एक बाप्या आणि एक बाई गढीच्या कामाला यायची.

"कुठवर?" मी विचारलं.

"ते न्हाई बोलले."

"तुमी इचारलं न्हाई?"

कुणीच विचारलं नव्हतं. हीच तर गोम होती. पैशात सांगितली असती तर त्या छपराची किंमत निदान कळली असती. महाग म्हणता आलं असतं, नको म्हणता आलं असतं. इथं किंमत सांगितलीच नाही. तुम्ही या, आम्ही सांगू तेव्हा जा. एका पावसाळ्यात कुजणाऱ्या गवतापायी आमचं सगळं आयुष्य गहाण, आणि आमची माणसं उपकार झाल्यासारखी हात जोडून परत आली.

गेले मीपण. पोरीला आत्यांच्या उशाशी ठेवायची, पाण्याचा तांब्या जवळ ठेवायचा आणि जायचं.

सोलापूरकडून गाड्या भरून नवी कौलं आली होती. साच्यातली, लाल, एका मापाची. आम्ही बायकांनी ती डोक्यावर घेऊन शिडीनं वर न्यायची. जुनी कुंभारी कौलं, नळीची, ती काढून खाली द्यायची. चैत्राचं ऊन. दुपारी कौल हातात धरवत नव्हतं. पाणी प्यायला खाली उतरून दरवाज्याबाहेर जायचं, तिथं वरून ओंजळीत पाणी ओतायचे. संध्याकाळी आम्ही उतरलो की गडी गोमूत्र शिंपडायचा. आम्ही शिवलेल्या शिडीवर, भिंतीवर. शिंपडून झालं की ती गढी पुन्हा पवित्र. आमच्या हातांनी घातलेल्या कौलांखाली ते जेवायचे, झोपायचे, पूजा करायचे.

एका दुपारी मी माडीवरच्या वाशांवर बसले होते. जुनी कौलं काढलेली, नवी अजून घालायची होती. खाली सगळं उघडं दिसत होतं. जन्मात पहिल्यांदा मी गढी आतून पाहिली. ती पण वरून. धान्याच्या कणग्या पाहिल्या, पितळी हंडे पाहिले. आणि एका पलंगावर देशमुख झोपला होता. पागोटं काढून ठेवलेलं. टक्कल. तोंड उघडं, लाळ गळत होती. पोट वर-खाली होत होतं. ज्याच्या नावानं आमची माणसं गल्लीत पायताण हातात घ्यायची, तो हा. एक म्हातारा माणूस, दुपारचा झोपलेला.

मी किती वेळ बघत होते कुणास ठाऊक. खालून देशमुखीणबाई बोलल्या.

"ए, खाली बघू नगंस. डोळं मिटून काम कर."

डोळे मिटून कौल कसं बसवायचं ते त्यांनी सांगितलं नाही. मी मान वळवली. पण जे पाहिलं ते पाहिलं. त्या दिवशी घरी जाताना माझ्या पायात काहीतरी वेगळं होतं. भीती जरा कमी झाली होती, आणि राग लई वाढला होता.

तेवढ्यात वळवाचा पाऊस सुरू झाला. रोज संध्याकाळी आभाळ भरून यायचं. आत्यांना हलवता येत नव्हतं. त्यांच्यावर आम्ही घोंगडं धरून बसायचो, मी एका टोकाला, नवरा दुसऱ्या टोकाला. घोंगडं भिजलं की त्यातूनच पाणी पडायचं. आत्यांना ताप यायला लागला. मी कारभाऱ्याला सांगितलं, एका कोपऱ्यापुरतं तरी गवत द्या, म्हातारी मरंल. तो म्हणला, गढीचं काम उरकू दे.

गढीमागं जुन्या कौलांचा ढीग पडला होता. बरीचशी फुटकी, पण मधूनच एखादं चांगलं दिसायचं. काम बघायला नळदुर्गाचा एक मुसलमान मिस्त्री होता, वयानं मोठा. आम्ही सगळ्या त्याला चाचा म्हणायचो. मी त्याला विचारलं, ही घेऊ का?

"ले जा बेटी," तो म्हणला. "ओढ्यात फेकनेकूच बोले हैं."

मी पाटीत भरून घरी आणली. फुटकी आणि साबूत अशी मिळून एक कोपरा झाकंल एवढी. नवरा बघतच राहिला.

"अगं, आपल्यात कौलं चालत न्हाईत."

"गारा चालत्यात?" मी म्हणले.

त्यानं हातही लावला नाही. मीच भिंतीवर चढले. मोडक्या आढ्याचे तुकडे आडवे टाकले, दोरानं आवळले आणि त्यावर कौलं बसवली. गढीवर बसवून हात तयार झालाच होता. त्या संध्याकाळी पाऊस आला. आत्यांच्या अंगावर थेंब पडला नाही. त्या वर बघत होत्या, सारख्या वर बघत होत्या. म्हणल्या, "आवाज लई चांगला येतो गं."

दुसऱ्याच दिवशी कारभारी आला. त्यानं फोडायला लावलं ते मी सांगितलंच.

तो गेल्यावर मी तुकडे झाडून गोळा केले. पोरीच्या पायाला लागू नयेत म्हणून. आत्या माझ्याकडं बघत नव्हत्या. नवरा लिंबाखाली बसून होता. कुणी जेवलं नाही. मला रडायला आलं नाही. माझं डोकं एकाच ठिकाणी अडलं होतं. ज्या हातांनी गढीवर कौलं घातली ते हात तिथं चालतात. त्यांनीच टाकून दिलेलं कौल माझ्या घरावर मात्र चालत नाही. मग चालत काय नाही? कौल, का मी? हे मी उलटंसुलटं करून बघत राहिले, आणि दर वेळी उत्तर एकच येत होतं.

सकाळी हाळी आली. सगळे उठले. मी उठले नाही.

नवरा म्हणला, "ऊठ." मी म्हणले, मी येणार नाही. त्यानं दोनदा सांगितलं, मग तो गेला. उन्हं वर आल्यावर गढीचे दोन गडी आले. ओढून न्यायला आले होते, पण मीच उठून त्यांच्यापुढं चालायला लागले. पोरीला कडेवर घेतली.

चौकाबाहेर उभी केली. देशमुख ओसरीवर बसला होता, पागोटं घालून. आमची सगळी माणसं वर वाशांवर, शिडीवर, जागच्या जागी थांबली. तो ओरडला नाही. पोराशी बोलावं तसा बोलला.

"कामावर का न्हाई आलीस?"

"येनार न्हाई."

"गवत नको का?"

"नगं."

"मग पावसात काय करशील?"

"भिजन."

तो हसला. कारभाऱ्याकडं बघून हसला. आणि मला तो पलंगावर झोपलेला दिसला, तोंड उघडं. माझा आवाज मग अडला नाही.

"तुमच्या घरावर चढायला मी चालते. माझ्या घरावर तुमी टाकलेलं कौल चालत न्हाई. तर मग म्या बी तुमच्या घरावर चढनार न्हाई. आज न्हाई, कधीच न्हाई."

मला मारतील असं वाटलं होतं. मला मारलं नाही. माझ्या नवऱ्याला शिडीवरून खाली बोलावलं. भर उन्हात ओणवं केलं, पाठीवर दगड ठेवला. बायको आवरत नाही म्हणून. मी बघावं म्हणून मला तिथंच उभी ठेवली. ऊन उतरेपर्यंत. पोरगी रडून रडून झोपली. तो पडला की दगड पुन्हा ठेवायचे. त्यानं एकदाही माझ्याकडं पाहिलं नाही. आणि मी एकदाही माफी मागितली नाही. ओठांवर शब्द आला होता, खोटं कशाला बोलू. पण माफी मागून काय झालं असतं? त्याच्या पाठीवरचा दगड त्या दिवशी उतरला असता. आमच्या सगळ्यांच्या पाठीवरचा तसाच राहिला असता.

संध्याकाळी हुकूम झाला. ती कामावर येईपर्यंत मांगवाड्याला गवत नाही. खळ्यावरचं धान्यही नाही.

मग वस्ती माझ्यावर उलटली. शेजारची गोदा, माझ्याबरोबर वाख कुटणारी, दारात येऊन म्हणली, "तुझा ताठा तुझ्यापाशी ठेव. माझी लेकरं का भिजावी?" तिची लेकरं खरंच भिजत होती. मी एवढंच म्हणले, तू जा कामाला, मी कुणाला अडवत नाही. ती गेली. सगळे गेले. गढी पुरी झाली, कौल न् कौल बसलं. ते हात हलवत परत आले. कारभारी म्हणला होता, आधी तिला घेऊन या.

म्हणून एका सकाळी वस्तीतली जाणती माणसं माझ्या दारात आली. माझ्या नवऱ्याचे चुलते होते, गोदा होती. चुलते म्हणले, चल, देशमुखाच्या पायावर डोकं ठेव, तुझं काय जातंय. मी पदर घेऊन उभी होते. चुलत्यांपुढं सुनेनं बोलायचं नसतं. नवऱ्याकडं पाहिलं. त्याची पाठ अजून सोललेली होती. तो जमिनीकडं बघत होता.

बोलल्या त्या आत्या. उघड्यावर पडल्या पडल्या.

"तिला कुनी न्हेऊ नका. ह्या घराचं छप्पर पडलंय ते माझ्या अंगावर. म्या भिजते. म्या बोलू का न्हाई? जनमभर त्यांच्या गवताखाली झोपले. आता नगं मला."

चुलते खाली बसले. थोड्या वेळानं सगळे उठून गेले. रागानंच गेले. पण मला न्यायला पुन्हा कुणी आलं नाही.

आम्ही केकताडाची पानं, निरगुडीच्या फांद्या, तरवड, जे बांधावर मिळंल ते आणून वर टाकलं. दोर तेवढे घरचे होते, ते भरपूर लावले. त्याला छप्पर म्हणायला लाज वाटावी असं ते छप्पर. खायला नव्हतं. मग मी गढीसाठी वळून ठेवलेला सगळा दोर गोळा केला आणि नळदुर्गाच्या बाजाराला गेले. रस्त्याकडंला मांडून बसले. सोलापूर-हैदराबाद सडकेचे गाडीवाले तिथं थांबायचे. एकानं नाडा हातात घेतला, ओढून पाहिला आणि विचारलं, कितीला?

आमच्या सात पिढ्यांनी दोर वळले, पण कितीला हे कुणी आम्हाला विचारलं नव्हतं. मी किंमत सांगितली. तो कमी कर म्हणला. मी नाही केली. त्यानं घेतला.

पुढच्या बाजाराला गोदा माझ्यामागून आली, बोलली नाही, पण शेजारी तिचा दोर मांडला. नवरा अजून गढीवर वेठीला जात होता. मग एक दिवस हाळी आली तेव्हा तो उठलाच नाही. वाख पुढ्यात ओढला आणि पीळ द्यायला लागला.

सगळं नीट झालं असं समजू नका. पावसाळा लागला तसं ते पाल्याचं छप्पर चाळणीसारखं गळलं. आत्यांचं हाड जुळलं नाही. जखमेत पाणी गेलं, पू झाला. श्रावणात एका पहाटे त्या गेल्या. मी त्यांच्यावर वाकून बसले होते, माझ्या पाठीवर पाणी गळत होतं. लोक म्हणले, सुनेच्या हट्टापायी म्हातारी गेली. अजून म्हणतात. म्हणू देत. तिचा पाय माझ्या हट्टानं मोडला नव्हता. तिच्या डोक्यावरची कौलं मी हौसेनं फोडली नव्हती. कुरणात गवत उभ्या उभ्या वाळत होतं आणि ते कापायला माणसं तयार होती. ती कुणामुळं मेली हे ज्याला कळत नाही, त्याला मी समजावत बसणार नाही.

तिचा दहावा झाला आणि गढीचा गडी निरोप घेऊन आला. झालं गेलं विसरायला तयार आहेत. म्हातारी गेली त्याचं वाईट वाटलं. गवत घेऊन जा, लाकूड घेऊन जा, आणि उद्यापासून गोठ्याचं शेण काढायला ये.

मी त्याला दारातच थांबवला. सांगितलं, जाऊन सांग, गवत नको, लाकूड नको आणि दयासुद्धा नको. दोर पाहिजे असंल तर बाजारात येऊन, किंमत देऊन न्या. ह्या घरातलं माणूस वेठीला येणार नाही. मी नाही, माझा नवरा नाही, आणि ही कडेवर आहे ना, ही तर नाहीच नाही. हाळी देणारा आला तर ह्याच उंबऱ्यात मी उभी असंन. आत यायचं तर आधी मला पाडावं लागंल, आणि मी आता पडणार नाही.